आबा, किती घेता? कॅन्सर झालेल्या वयस्क माणसाला दारूबद्दल कसं विचारायचं

ऑपरेशन सोमवारी झालं. जबड्याचा कॅन्सर, वय ७१, तासगाव तालुक्यातले आबा. मंगळवार चांगला गेला. बुधवारी रात्री आबा पलंगावर उठून बसले, नाकातली नळी ओढून काढली आणि बैल सुटलाय म्हणून दावं शोधायला लागले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत, नाडी धावतेय. सिस्टरांनी हात बांधले. सकाळपर्यंत सगळे हेच म्हणत होते की वय झालंय, भूल डोक्यात बसली. मग मुलानं मला जिन्यात गाठलं आणि इकडंतिकडं बघत सांगितलं, "ताई, आबा रोज संध्याकाळी एक चपटी घ्यायचे. चाळीस वर्षं."

केसपेपरवर व्यसनाच्या रकान्यात एकच शब्द होता : तंबाखू.

मी मिरजेत कॅन्सरच्या रुग्णांचं समुपदेशन करते. सांगली-साताऱ्याकडून येणाऱ्या रुग्णाला तंबाखू आणि मिसरी हटकून विचारली जाते, दारू मात्र राहून जाते. कधी डॉक्टरांनाच अवघड वाटतं, कधी शेजारी सून उभी असते, कधी गळ्यात तुळशीची माळ दिसते आणि विचारणाराच ओशाळतो. हा लेख आशाताई, सिस्टर, गावातले फॅमिली डॉक्टर आणि घरची माणसं यांच्यासाठी आहे. विचारायला पाच-सात मिनिटं लागतात.

आधी, का विचारायचं

अल्कोहोल हा कॅन्सर घडवणारा पदार्थ आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांचा स्तन, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. तोंडाच्या आणि घशाच्या बाबतीत तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्याहून बराच जास्त होतो. पण कॅन्सर झाल्यावर विचारायचं ते "बघा, असं केलंत म्हणून झालं" हे ऐकवायला नव्हे. उपचार नीट पार पडावेत म्हणून विचारायचं. बीपीची गोळी कोणती चालू आहे हे जसं विचारतो, तसंच.

वय झालं की अंगातलं पाणी कमी होतं. त्यामुळं पन्नाशीत जेवढी पचायची तेवढीच दारू सत्तरीत रक्तात जास्त चढते. त्यात कॅन्सरनं वजन उतरलेलं, जेवण कमी, गोळ्या पाच-सहा. "आयुष्यभर एवढीच घेतोय, वाढवली नाही" हे आबांचं म्हणणं खरं असतं, पण एवढीच आता जास्त झालेली असते. पासष्टीच्या पुढच्या निरोगी माणसासाठी अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनं सांगितलेली मर्यादा आठवड्याला ७ ड्रिंक आणि एका दिवशी जास्तीत जास्त ३ अशी होती (तिथलं एक ड्रिंक १४ ग्रॅम अल्कोहोलचं, आपलं माप पुढं दिलंय). कॅन्सरच्या रुग्णासाठी तीही ढिली.

आणखी एक अडचण. वयस्क कॅन्सर रुग्णांची ताकद जोखायला जी-८ नावाची आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. खाणं, वजन, चालणं, स्मरण, गोळ्यांची संख्या असं सगळं तीत आहे, दारू नाही. गावात आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात दारूचा प्रश्न आहे, पण तो "रोज घेता का" असा आहे. बाजारच्या दिवशी, यात्रेत आणि उसाचं बिल आल्यावर चार दिवस सलग घेणारा माणूस त्याला प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. म्हणजे दोन्ही कागद नीट भरले तरी दारू निसटते. वेगळं विचारावंच लागतं.

कोणी, कधी, कुठं

पहिल्या भेटीत नाही जमलं तरी ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशनची तारीख ठरण्याआधी. पुढं प्रत्येक भरतीच्या वेळी एकदा, आणि दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू करण्याआधी एकदा.

एकट्यात विचारा. मुलाला "जरा एवढा रिपोर्ट झेरॉक्स करून आणा" म्हणून पाठवलं की दहा मिनिटं मिळतात. मग मुलाला किंवा आजींना वेगळं गाठून तेच विचारायचं. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर मी जास्तीचा आकडा धरते. खोटं पकडलं म्हणून रुग्णाला परत जाब विचारायचा नाही. एकदा जाब विचारलात की पुढचं खरं उत्तर कधीच मिळत नाही.

बायकांनाही विचारा. "काकी घेत नसतील" हे गृहीत धरणं सोपं असतं. हातभट्टीच्या धंद्यावर घर चालवलेल्या, शेतावर राबून रात्री थोडी घेणाऱ्या आजी मी पाहिल्यात. त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारलेलंच नसतं. विचारलं की त्या पुरुषांपेक्षा मोकळं सांगतात.

सुरुवात करायचं माझं वाक्य ठरलेलं आहे : "आबा, भुलीच्या डॉक्टरांना औषधाचा डोस ठरवायला लागतं म्हणून विचारते. मी घरी सांगणार नाही. संध्याकाळी काही घेता का? देशी, इंग्लिश, बिअर, हातभट्टी, ताडी, काहीही." प्रकारांची नावं मी मुद्दाम घेते. नुसतं "दारू पिता का" म्हटलं की बिअर पिणारा नाही म्हणतो, कारण त्याच्या हिशेबात ती दारू नसते.

माळकरी असतील तर प्रश्न असा : "माळ कधी घातली? त्याआधी होती का सवय?" वीस वर्षांपूर्वी सोडलेली असली तरी ते कळायला हवं. का, ते पुढं येईल.

माप : बाटलीवरून ड्रिंक

"थोडी" हे माप नाही. "औषधापुरती" हेही नाही. बाटलीचं नाव विचारा.

आपल्या हिशेबात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रमच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबानं ३० मिलीचा एक पेग म्हणजे १ ड्रिंक, नाइन्टी म्हणजे ३ आणि १८० मिलीची क्वार्टर, म्हणजे आपली चपटी, ६ ड्रिंक. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची बाटली : जवळजवळ ४. हे चार आकडे पाठ असले की काम होतं. देशीच्या बाटलीवरही टक्के छापलेले असतात, ते वाचून त्याच हिशेबात बसवा. हातभट्टीचं गणित मांडता येत नाही. किती ग्लास ते लिहायचं आणि धोका जास्त धरायचा.

पेगात विचारू नका, घरी ओतलेला पेग तीसचा नसतो. "एक चपटी किती दिवस पुरते? एकटे घेता की वाटून?" असं विचारा.

तीन प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेनं दहा प्रश्नांची ऑडिट नावाची चाचणी बनवली. तिचे पहिले तीन प्रश्न म्हणजे ऑडिट-सी. गर्दीच्या ओपीडीत एवढंच जमतं आणि पहिल्या चाळणीला ते पुरतं.

पहिला : किती वेळा घेता? कधीच नाही ०, महिन्यातून एकदा किंवा त्याहून कमी १, महिन्यातून दोन ते चार वेळा २, आठवड्यातून दोन-तीन वेळा ३, आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा ४.

दुसरा : घेता त्या दिवशी किती ड्रिंक होतात? एक-दोन ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा किंवा जास्त ४.

तिसरा : एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात? कधीच नाही ०, महिन्यातून एकदापेक्षा कमी १, महिन्यातून एकदा २, आठवड्यातून एकदा ३, रोज किंवा जवळजवळ रोज ४.

सहा ड्रिंक म्हणजे बरोबर एक क्वार्टर. म्हणून मी तिसरा प्रश्न "अख्खी क्वार्टर कधी होते का, किती वेळा?" असाच विचारते. कुणालाही कळतो.

बारापैकी पुरुषांना ४ आणि बायकांना ३ गुण आले की पुढं खणायचं. रोज फक्त नाइन्टी घेणारे काका बघा : पहिल्याचे ४, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा ०. पाच झाले. ज्यांना सगळं गाव "शिस्तीत घेणारा माणूस" म्हणतं, ते चाळणीत अडकले. आमच्या चपटीवाल्या आबांचे ४, २ आणि ४, म्हणजे १०.

आयुष्यभराचे चार प्रश्न

ऑडिट-सी आत्ताचं सांगते. गेल्या तीन महिन्यांत गिळताच येत नाही म्हणून दारू आपोआप सुटलेल्या अन्ननलिकेच्या रुग्णाला तिच्यात शून्यही येऊ शकतो. त्यासाठी केज नावाचे चार प्रश्न आहेत, आणि ते आयुष्यभराचे आहेत. कमी करावी असं कधी वाटलं होतं का? कोणी टोकलं म्हणून राग यायचा का? घेतल्याबद्दल मनाला खायचं का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हायला किंवा उतारा म्हणून घ्यावी लागायची का?

दोन "हो" आले की चाचणी सकारात्मक. मला विचाराल तर चौथा प्रश्न एकटा आला तरी मी थांबते आणि पुढचं सगळं विचारते. सकाळचा घोट म्हणजे शरीराला सवय जडलेली आहे.

कॅनडातल्या एडमंटनच्या उपशामक उपचार पथकानं १९९०च्या दशकात कॅन्सरच्या दुखण्यावर काम करताना हेच चार प्रश्न वापरले. ज्याला मनाचा ताण दारूनं उतरवायची सवय होती, तो पुढं मॉर्फिनही दुखण्याऐवजी मनाच्या ताणासाठी मागू शकतो, हे त्या कामामुळं डॉक्टरांच्या लक्षात आलं. माळ कधी घातली हे विचारायचं ते यासाठी.

वयस्कांसाठी आणखी थोडं

मिशिगनमध्ये खास वयस्कांसाठी एक चाचणी बनली. तिच्या छोट्या रूपात दहा प्रश्न आहेत. सगळे इथं देत नाही. मला कामाला येतात ते असे : जोडीदार गेल्यावर किंवा असं काही झाल्यावर प्रमाण वाढलं का? एकटं वाटलं की घेतल्यानं बरं वाटतं का? घेतल्यावर जेवण राहतं का? रात्रीचं काही आठवत नाही असं होतं का? घेतल्यावर हाताची थरथर थांबते का?

हे विचारताना गफलत होऊ शकते. भूक नसणं, वजन उतरणं, पडणं, विसरणं, पायात मुंग्या, हे सगळं कॅन्सरनं होतं, केमोनं होतं आणि दारूनंही होतं. सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांनी पायाला मुंग्या येतात आणि जुन्या पिणाऱ्यालाही येतात. रक्ताच्या रिपोर्टवरही भिस्त ठेवता येत नाही. जीजीटी (यकृताची एक रक्ततपासणी) वाढलेलं दारूनं असेल किंवा यकृतात पसरलेल्या गाठींनी. लाल पेशींचा आकार मोठा झालेला दारूनं असेल किंवा केमोच्या गोळ्यांनी. "एलएफटी (यकृताच्या तपासण्या) नॉर्मल आहे म्हणजे घेत नसणार" हे वाक्य तर मी रोज ऐकते, आणि ते चूक आहे.

श्रावणाचा प्रश्न

हा प्रश्न कुठल्या चाचणीत नाही. आपल्याकडं बरेच पिणारे श्रावण पाळतात. गटारीला हात मारून घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद. तर विचारायचं : "आबा, श्रावणात सोडता तेव्हा पहिले तीन-चार दिवस कसे जातात?"

"काही नाही, चालतं" म्हणाले तर बराचसा जीव भांड्यात पडतो. "झोप लागत नाही, घाम सुटतो, हात कापतात" म्हणाले तर दारू तुटल्याचा त्रास होणारं शरीर आहे. "एकदा फिट आली होती" किंवा "भिंतीवर किडे दिसले होते" म्हणाले तर ती बातमी त्याच दिवशी भुलीच्या डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे; एकदा असं झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. आणि "यंदा श्रावण पाळता आला नाही" हेही उत्तरच आहे.

त्रासाचं वेळापत्रक लक्षात ठेवा. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, बेचैनी. फिट यायची तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत. भ्रम, भास, ताप, धावती नाडी हे सगळं २ ते ४ दिवसांनी. सोमवारचं ऑपरेशन आणि बुधवारची रात्र, हिशेब बरोबर बसतो. म्हणून "शेवटची कधी घेतली, किती वाजता?" हा प्रश्न भरतीच्या कागदावर हवाच. रविवारी रात्री कोल्ड्रिंकच्या बाटलीतून वॉर्डात आणून दिलेलीही त्यात धरायची.

यातून घरच्यांसाठी एक सूचना निघते, आणि ती मी ओरडून सांगते. रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्या, सकाळी हात कापणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची दारू "कॅन्सर निघाला, आजपासून बंद" म्हणून घरच्या घरी एका रात्रीत तोडू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडा. त्यासाठी लोराझेपामसारखी औषधं असतात. वयस्कांना ती बेतानं द्यावी लागतात, म्हणून स्वतः आणून देऊ नका.

दुसरी सूचना सलाइनची. अशक्तपणा आला की गावात ग्लुकोजची सलाइन लावायची पद्धत आहे. बरीच वर्षं पिणारा, त्यात महिनाभर नीट न जेवलेला माणूस असेल, तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तळाला गेलेलं असतं. आधी थायमिनचं इंजेक्शन न देता ग्लुकोज सोडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाइन लावणाऱ्याला तोंडानं सांगा : "हे घेतात, आधी बी-१ द्या."

औषधांशी गाठ

वेळ असेल तेव्हा पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओतायला सांगा.

मॉर्फिन, ट्रामाडॉल, झोपेची गोळी यांच्यावर दारू पडली तर श्वास मंदावतो. ट्रामाडॉलनं फिटचा धोकाही वाढतो. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू घेतली तर काहींना उलट्या, धडधड, चेहरा लाल. मेथोट्रेक्सेट आणि दारू दोन्ही यकृताला मारक. रेडिएशन चालू असलेल्या तोंडात दारू म्हणजे उघड्या जखमेवर तिखट. नळीवरून जेवण चालू असेल तर नळीतून दारू जाते का हेही विचारा. हसू नका, जाते.

आता उलट बाजू, जी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. दारू सोडवायला नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर त्या माणसावर मॉर्फिन चालत नाही, आणि आधीच मॉर्फिनवर असलेल्याला नाल्ट्रेक्सोन दिलं तर त्याचे हाल होतात. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं दुसरं औषध, त्यावर थोडं अल्कोहोल पोटात किंवा रक्तात गेलं तरी जोराचा त्रास होतो. ते चालू असेल तर जपा : नेहमीच्या पॅक्लिटॅक्सेलच्या सलाइनमध्येच बरंच अल्कोहोल असतं. डोसेटॅक्सेलच्या काही प्रकारांतही असतं. आयुर्वेदिक आसवं-अरिष्टांतही असतं. आणि डायसल्फिराम रुग्णाला माहीत असतंच असं नाही, कारण "न सांगता भाजीत घालायची पूड" म्हणून ते घरच्यांनी कुठूनतरी आणलेलं असतं. म्हणून आजींना बाजूला घेऊन विचारा : "सुटावी म्हणून जेवणात काही घालता का?" त्या रडतील. रडू द्या, मग पुडी मागून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

गुण आले, पुढं काय

कमी घेणाऱ्याला लांबण लावू नका. दोन वाक्यं पुरतात : "उपचार संपेपर्यंत बंद ठेवली तर तोंड लवकर भरेल, गोळ्या सोसतील. जमेल का?" ऑपरेशनला वेळ असेल तर चार ते आठ आठवडे आधी बंद केल्यानं नंतरची गुंतागुंत कमी होते. पण कॅन्सरचं ऑपरेशन त्यासाठी आपल्या मनानं पुढं ढकलायचं नाही. मिळतील तेवढे दिवस घ्यायचे.

सवय जडलेल्याला मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. साताऱ्यात परिवर्तन संस्था बरीच वर्षं व्यसनमुक्तीचं काम करते, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठीतल्या बैठका होतात. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानसचा १४४१६. एक सांगून ठेवते : नुसतं व्यसनमुक्ती केंद्रात पाठवून मोकळं होऊ नका. कॅन्सरचा रुग्ण म्हटला की अशा ठिकाणी घ्यायला कचरतात, आणि कॅन्सरवाले म्हणतात आधी व्यसन सोडवून आणा. या दोन दारांत महिना जातो. उपचार आणि दारू सोडणं एकाच वेळी चालवावं लागतं.

चाचणी सकारात्मक आली म्हणून मॉर्फिन नाकारायचं नाही, हे डॉक्टरांना ठासून सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. दुखणं खरं असतं. आठ-आठ दिवसांच्याच गोळ्या द्याव्यात, गोळ्या घरातल्या एकाच माणसाच्या हातात असाव्यात, आणि दुखतंय की घाबरलंय हे दर भेटीला विचारावं.

आणि ज्यांचे थोडे दिवस उरलेत, त्यांच्या बाबतीत मी मोजमाप बाजूला ठेवते. वाळव्याचे एक काका होते, संध्याकाळी चमचाभर तोंडाला लावली की झोपायचे. सुनेनं विचारलं, "ताई, देऊ का?" डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा बघून आम्ही हो म्हणालो. तिथंही माप माहीत असावंच लागतं, नाहीतर बंद झाल्यावरची तगमग मरणाची समजून बसतो.

कागदावर

विचारलेलं लिहिलं नाही तर रात्रपाळीच्या सिस्टरला ते कळणार कसं? "व्यसन आहे" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. "दारूडा" तर नकोच. तो कागद नातवाच्याही हातात जातो. आबांच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी असं लिहिलेलं हवं होतं :

"वय ७१. रोज क्वार्टर, ४० वर्षं. ऑडिट-सी १०. केज ३, सकाळचा घोट आहे. श्रावणात सोडल्यावर हात कापतात, फिट नाही. शेवटची रविवारी रात्री ९ वाजता. थायमिन सुरू करावे. भुलीच्या डॉक्टरांना कळवले. तिसऱ्या रात्री लक्ष ठेवावे. माहिती : रुग्ण आणि मुलगा, वेगवेगळे विचारून."